दगडातलं पान की दगडावरची नक्षी? कामठीचा वाळूचा दगड आणि सोलापूरचा काळा पाषाण

विहिरीचं काम चालू असतं. फुटलेल्या दगडाच्या सपाट भेगेवर काळंभोर झाड उमटलेलं दिसतं. बुंधा, फांद्या, केसासारख्या डहाळ्या, सगळं जागच्या जागी. फोटो गावच्या ग्रुपवर पडतो आणि तासाभरात ‘कोट्यवधी वर्षांपूर्वीची वनस्पती सापडली’ असा मजकूर चिकटवून पुढे पळतो.

सोलापूर जिल्ह्यातून असा फोटो आला, तर ते झाड बहुधा झाड नसतंच. खरी पानं जपणारा दगड महाराष्ट्रात आहे, पण तो इथून पाचशेहून जास्त किलोमीटर दूर, नागपूरजवळच्या कामठीच्या पट्ट्यात. तो समजला की आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणात पान का मिळत नाही हेही समजतं, आणि फताटेवाडीच्या वीजकेंद्रातल्या बॉयलरमध्ये नेमकं काय जळतं हेसुद्धा.

कामठीचा दगड म्हणजे कोणता?

पुस्तकी नाव कामठी शैलसमूह. शैलसमूह म्हणजे एका काळात, साधारण एकसारख्या परिस्थितीत साचलेल्या थरांचा गट. चवडीत एकावर एक रचलेल्या चादरींपैकी एका वेळी विणून आलेला गठ्ठा म्हणा. या गठ्ठ्यात मुख्य माल वालुकाश्माचा, म्हणजे वाळूचे कण घट्ट चिकटून झालेल्या दगडाचा. पुढे त्याला सरळ वाळूचा दगड म्हणू. (विदर्भात वाळूला रेती म्हणतात, तेव्हा तिकडे रेतीचा दगड.) मधूनमधून चिकणमातीच्या पांढुरक्या, पिवळट, तांबूस पट्ट्या. दगडाचा रंग बऱ्याच ठिकाणी विटकरी-तांबडा, कारण वाळूच्या कणांना बांधणाऱ्या मसाल्यात लोहाचा गंज आहे.

नागपूर-कामठीपासून वर्धा खोऱ्यातून वणी, चंद्रपूर, बल्लारपूरकडे हा दगड जातो. वय मुख्यतः पर्मियन नावाच्या कालखंडाच्या उत्तरार्धातलं. पर्मियन २९.९ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि २५.२ कोटी वर्षांपूर्वी संपला. आपला काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा. कामठीच्या झाडांची पानं गळून दगड झाली, त्यानंतर अठरा-एकोणीस कोटी वर्षांनी सोलापूरच्या जमिनीवर लाव्हा पसरला.

या दगडातली पानं जगापुढे आली ती स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या नागपुरातल्या दोन मिशनऱ्यांमुळे. नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा त्यांचा लेख १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय त्रैमासिकात आला, आणि १८६१ मध्ये चार्ल्स बनबरी यांनी नागपूरच्या वनस्पती जीवाश्मांचं वर्णन तिथेच छापलं. कामठी आणि सिलेवाडा ही गावं तेव्हापासून भूशास्त्राच्या नकाशावर आहेत. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं उकरून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

वाळूत पान टिकतं कसं?

खरं उत्तर असं की वाळूत ते टिकतच नाही.

वाळूचा कण ०.०६ ते २ मिलिमीटर, चिकणमातीचा कण ०.००४ मिलिमीटरहून बारीक. पानाच्या दोन शिरांमधलं अंतर मिलिमीटरच्या आत. जाडसर टॉवेलच्या पोतावर पैठणीची बुट्टी काढायला गेलं तर काय उमटेल? वाळूत पानाचंही तसंच होतं. कडेचा आकार कसाबसा उठतो, शिरा हरवतात. ज्या नमुन्यांवर शिरांची जाळी मोजता येते, ते वाळूच्या थरांमधल्या मातीच्या पट्टीतून किंवा अगदी बारीक, गाळमिश्रित वाळूच्या दगडातून आलेले असतात. वालुकाश्मातली पानं म्हणून जी प्रसिद्ध आहेत, ती बहुतेक या अधल्यामधल्या पट्ट्यांची देणगी.

पट्टी तयार होते ती नदीच्या वागण्यामुळे. पंढरपूरला चंद्रभागेचं वाळवंट पूर ओसरल्यावर पाहिलं असेल, तर अर्धी प्रक्रिया डोळ्यांसमोर घडलेली आहे. पाण्याला जोर असतो तेव्हा वाळू सरकते आणि थरावर थर बसतात. जोर गेला की खोलगट जागी डबकी राहतात, तरंगणारा गाळ त्यांत हळूहळू खाली बसतो, वर साय धरल्यासारखी मऊ चिखलाची पापुद्री येते. त्या दिवसांत काठावरची पानं डबक्यात गळली तर ती चिखलावर सपाट निजतात. पुढच्या पुरानं ती झाकली गेली तर ठीक. नाहीतर ऊन, किडे आणि बुरशी चार-सहा आठवड्यांत त्यांचा निकाल लावतात.

नव्या सिमेंटच्या कोब्यावर पिंपळाचं पान पडलं आणि कोबा वाळल्यावर तिथे त्याचा ठसा उरला, हे कित्येक अंगणांत दिसतं. कामठीतली बहुतेक पानं याच जातीची आहेत: पान गेलं, ठसा राहिला. गाळ वाढत गेला, वजनानं पाणी पिळून निघालं, आणि कणांच्या मधून झिरपणाऱ्या पाण्यानं सिलिका व लोह सोडून सगळं चिकटवलं. पानाचा मूळ कार्बन मात्र हवा पोचल्यानं जळाल्यासारखा निघून गेला, म्हणून ठसा काळा न दिसता तांबूस किंवा दगडाच्याच रंगाचा दिसतो. हवा पोचली नसती तर त्या जागी काळी चकचकीत पापुद्री उरली असती. तसे नमुने कोळशाच्या थरांलगत मिळतात.

तिसरा प्रकार खोडांचा. लाकडाच्या पेशींत सिलिका भरून अख्खं खोडच दगड होतं. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यातल्या वडधमच्या जीवाश्म उद्यानात अशी खोडं आहेत, पण तो दगड कामठीनंतरचा, डायनोसॉरांच्या काळातला. बातम्यांमध्ये या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.

पान कोणत्या झाडाचं?

कामठीत सगळ्यात जास्त मिळतं ते ग्लॉसॉप्टेरिस. ग्रीकमध्ये ग्लॉसा म्हणजे जीभ, टेरिस म्हणजे नेचा. १८२८ मध्ये अडॉल्फ ब्राँन्यार यांनी हे नाव दिलं. निम्मं नाव बरोबर आहे. पान खरोखर जिभेच्या आकाराचं, काही सेंटिमीटरपासून फूटभर लांबीपर्यंत. नेचा मात्र चुकला: या झाडांना बिया होत्या, आणि नेच्याला बी नसते. पानाला चिकटलेली बीजांगं दक्षिण आफ्रिकेत एडना प्लमस्टेड यांनी १९५२ मध्ये मांडली, तेव्हा हा वाद निवळला. म्हणजे सव्वाशे वर्षं फक्त पान माहीत होतं, झाड नाही. मुळाला आधीच वेगळं नाव मिळालेलं होतं, व्हर्टेब्रेरिया, कारण दगडात ते मणक्यांच्या माळेसारखं दिसतं.

ओळखायची खूण सोपी आहे. मध्ये ठळक शीर, आणि तिथून कडेकडे तिरप्या जाणाऱ्या शिरा वाटेत एकमेकींना मिळून जाळी करतात. वहीत ठेवलेल्या पिंपळपानाची जाळी आठवा, फक्त इथली घरं लांबट आणि एका दिशेला ओढल्यासारखी. मधली शीर नसेल आणि बाकी पान तसंच असेल तर ते गँगॅमॉप्टेरिस. ते कामठीच्या खालच्या, जुन्या थरांत जास्त दिसतं. काट्यासारखं दुभंगलेलं डायक्रॉइडियम दिसलं तर आपण वरच्या, नव्या थरात आलो. पानं अशी कालनिर्णयासारखी वाचता येतात. कोळसा शोधणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकापासून ती तशीच वाचली, कारण चुकीच्या थरात खोदलेला प्रत्येक फूट पैसे घेऊनच जातो.

ही झाडं पानगळीची होती. लाकडात वाढीची स्पष्ट वलयं आहेत, आणि पानं थराथरानं, गालिचा अंथरावा तशी साचलेली मिळतात. तेव्हा हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता, हिवाळा कडक. पर्मियनच्या शेवटी, २५.२ कोटी वर्षांपूर्वी, जीवसृष्टीचा जो सर्वांत मोठा संहार झाला, त्यात ग्लॉसॉप्टेरिसचं रान संपलं.

मग कोळशाचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे, फक्त मजला वेगळा. कामठीचा दगड हा वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या डोक्यावरचं छप्पर. कोळसा त्याच्याखालच्या बराकर नावाच्या थरांत. झाडं त्याच घराण्यातली, फरक पाण्याचा. बराकरच्या काळात दलदल होती. पडलेलं पान-लाकूड पाण्याखाली हवेविना साचलं आणि त्याचा कोळसा झाला. कामठीच्या काळात नद्या मोकळ्या वाहायला लागल्या, पाणीपातळी खाली-वर होऊ लागली, लोह गंजलं, दगड तांबडा झाला आणि पानांचे नुसते ठसे उरले. काळा थर आणि तांबडा थर यांच्यामध्ये बदललं ते इतकंच.

बराकर, कामठी आणि त्यांच्या जोडीच्या थरांना मिळून गोंडवनी थर म्हणतात. भारतात निघणारा दगडी कोळसा जवळजवळ सगळा या गोंडवनी थरांतला आहे. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं केंद्र आहे, ६६० चे दोन संच. असल्या केंद्रात एक युनिट विजेला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. पाच एचपीची मोटर तासभर चालली की चारेक युनिटं जातात, म्हणजे अडीच किलोच्या आसपास कोळसा. दोन्ही संच पूर्ण ताकदीनं चालले तर ताशी आठ-नऊशे टन. आपल्या कोळशात राख फार, कारण त्या दलदलीत पानांबरोबर नदीचा गाळही येऊन बसत होता. राखेच्या वाहतुकीवरून जे वाद होतात, त्यांचं मूळ इतकं जुनं आहे.

आपल्या बसाल्टखाली हा दगड नसेल का?

हा प्रश्न रास्त आहे. नागपूरजवळ कामठीच्या दगडावर लाव्हा पसरलेला दिसतो, मग सोलापुरात लाव्हा खरवडला तर खाली तोच दगड मिळायला हवा, असं कोणालाही वाटेल.

तपासायला एक चांगला पुरावा शेजारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतलं गेलं. तिथे बसाल्ट ३३८ मीटर, म्हणजे सुमारे अकराशे फूट निघाला. त्याच्या खाली गाळाचा जेमतेम काही मीटरचा थर, आणि मग थेट ग्रॅनाइटच्या घराण्यातला अतिप्राचीन खडक. गोंडवनी दगडाची शेकडो मीटरची रास तिथे नाही. कोयनेलाही बसाल्ट संपल्यावर असाच जुना खडक लागला.

कारण असं की कामठीची वाळू सगळीकडे साचली नव्हती. ती खचलेल्या लांबट खोलगटांत साचली: गोदावरी-वर्धा, महानदी, दामोदर. परातीत पाणी ओतलं तर ते जिथे खोलगट तिथेच थांबतं. आपला भाग परातीच्या उंच काठावर होता. तेव्हा सोलापुरात चारशे-पाचशे फूट बोअर घेताना तांबडी माती लागली की ‘कोळशाचा थर जवळ आला’ असं कोणी सांगितलं तर मोटर तिथेच थांबवावी. ती तांबडी पट्टी म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमधली, वरच्या तापानं भाजलेली जुनी माती.

जाता जाता पाण्याचंही सांगायला हवं. कामठीच्या दगडात पाणी कणांच्या मधल्या जागेत राहतं, स्पंजात राहावं तसं, म्हणून तिकडे तो पाण्याचा चांगला साठा मानतात. आपल्या काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांत आणि मांजऱ्या (भोकाभोकांचा पाषाण) व मुरमात. दोन बांधांच्या मधल्या दोन बोअरपैकी एक कोरडी जाते ती यामुळे.

लाव्हाच्या प्रदेशात जीवाश्म मुळीच नाहीत?

आहेत, पण लाव्हात नाहीत. बाराशे अंशांच्या आसपास तापलेल्या रसात पान टिकत नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांच्या गाळात प्राणी-वनस्पती अडकल्या आणि वरून पुढचा लाव्हा आला. असे थर नागपूरच्या टाकळीला, मध्य प्रदेशात मोहगाव कलानला आणि मुंबईत वरळीला आहेत. वरळीचे बेडूक प्रसिद्धच आहेत. हे सगळं कामठीपेक्षा कितीतरी नंतरचं.

आणि शहाबादी फरशी? ती सोलापुरात घराघरांत आहे, थराथराची आहे, गाळापासूनच झाली आहे. पण ती इतकी जुनी की तेव्हा जमिनीवर झाडं आलीच नव्हती. तिच्यात पान शोधण्यात अर्थ नाही.

वय कार्बन डेटिंगनं काढलं का?

नाही. ती पद्धत पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे चालत नाही, आणि इथे ठशात कार्बनच उरलेला नाही. कामठीसारख्या थरांचं वय आधी परागकण व बीजाणूंवरून ठरतं. यांचं कवच इतकं चिवट की दगड आम्लात विरघळवला तरी ते उरतं. लखनौची बिरबल सहानी संस्था अशाच कामासाठी जगभर ओळखली जाते. मग तेच पराग जगात जिथे ज्वालामुखीच्या राखेच्या थरासोबत मिळतात, तिथे राखेतल्या झिरकॉन स्फटिकांमधलं युरेनियम किती शिसं झालं हे मोजून वर्षांचा आकडा येतो. पान आपल्याकडचं, घड्याळ दुसरीकडचं, आणि दोघांना जोडणारा दुवा परागांचा.

एका पानावरून खंड जोडलेले होते असं कसं म्हणता?

एका पानावरून कोणी म्हणत नाही. ग्लॉसॉप्टेरिस भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकात मिळतं. अंटार्क्टिकातल्या पानांचा पुरावा दक्षिण ध्रुवावरून परतणाऱ्या ब्रिटिश संशोधक स्कॉटच्या तुकडीनं १९१२ मध्ये जीव जाईपर्यंत ओढत आणला. त्यांच्या मृतदेहांजवळ सोळा किलो दगड सापडले आणि त्यांत हे पान होतं. बिया वाऱ्यानं महासागर ओलांडून गेल्या असतील, हा आक्षेप तेव्हा गंभीरपणे घेतला गेला. पण बिया काही मिलिमीटरच्या, वाऱ्यावर हजारो किलोमीटर जाण्याजोग्या हलक्या नाहीत.

शिवाय पानासोबत थरांचा क्रमही सगळीकडे जुळतो: तळाशी हिमनद्यांनी आणलेले गोटे, वर कोळसा, त्यावर तांबडा वाळूचा दगड. आज पंचेचाळीस अंशांत भाजणाऱ्या चंद्रपूरजवळ, इरईच्या परिसरात, हिमनदीनं खडकावर ओढलेले ओरखडे आहेत. फाटलेल्या सातबाऱ्याचे तुकडे जुळवताना आपण नुसती कड बघत नाही, वरच्या ओळी पुढच्या तुकड्यावर चालू राहतात का हेही बघतो. इथे दोन्ही जुळलं. या जोडखंडाला गोंडवन हे नाव मिळालं ते मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून.

तर मग विहिरीतल्या दगडावरचं झाड कसलं?

मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडचं. भेगेतून पाणी झिरपतं, त्यात विरघळलेलं मँगनीज कडेनं आत शिरत साचतं आणि वाढताना फाटे फोडतं. डबक्याच्या चिखलात शाई सोडली तर ती जशी बोटं फोडत पसरते, तसंच. आकार झाडाचा, पण झाड कधीच नव्हतं.

फरक घरी ओळखता येतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनाराकडचं चालतं. नक्षी भेगेच्या कडेपासून सुरू होऊन आत पसरते का ते पाहा; तसं असेल तर ती मँगनीजची. फांद्यांची टोकं एकमेकींना मिळत नसतील, तर तेच. खऱ्या पानाला बाहेरची कड असते. त्याची मधली शीर देठाकडे जाड आणि टोकाकडे निमुळती होते, आणि ग्लॉसॉप्टेरिस असेल तर शिरा जुळून बंद घरं करतात. बोटानं फिरवून पाहिलं तर ठशाला उठाव किंवा खाच लागते, मँगनीजची नक्षी मात्र सपाट, रंगवल्यासारखी. आणि सगळ्यात आधी दगड बघा. काळा, जड, कण न दिसणारा असेल तर तो बसाल्ट, पुढचं बघायची गरजच नाही. दगडाचे दोन भाग करून दोन्हीकडे चित्र आहे म्हणजे ते खरं, ही समजूत चुकीची; भेगेतली नक्षीही दोन्ही बाजूंना चिकटते.

तरीही शंका राहिली, किंवा नागपूर-चंद्रपूरकडे गेल्यावर रस्त्याच्या कापात खरंच जाळीदार पान दिसलं, तर दगड उचलू नका. कुठल्या थरातून आला हे कळलं नाही तर त्या पानाची निम्मी माहिती गेलीच. खाणींच्या पट्ट्यात तर परवानगीशिवाय शिरूच नये. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा. दुपारच्या उन्हात ठसे गायब होतात. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, एक फोटो जवळून, एक पूर्ण कापाचा, आणि मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. ठसा उठून दिसावा म्हणून पाणी मारायचा मोह होतो. तो आवरा, कारण कामठीची चिकणमाती पाण्यानं फुगते, वाळताना पापुद्रे सोडते आणि त्यांच्याबरोबर पानही जातं. वॉर्निशनं तर शिरांमधल्या खाचाच भरतात. मग ते फोटो जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला पाठवा, आणि दगडाचे दोन भाग आधीच सुटून पडले असतील तर ते दोन्ही त्याच जागी, एकमेकांवर पालथे घालून ठेवा.